कराचीत अडकलेल्या खलाशाच्या परतीची वाट

गुरुजी, नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. तुम्ही तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. तुमच्या सहावीतल्या एका मुलाचे वडील ऑगस्टमध्ये गुजरातमधल्या ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि महिन्याभरात ती बोट पाकिस्तानने धरून नेली. तेव्हापासून घरी फोन नाही, चिठ्ठी नाही. बोटमालक म्हणतो, सुटतील, सगळेच सुटतात. गावातला एक जण म्हणतो, ५०,००० रुपये द्या, कराचीत वकील लावतो. मुलाची आई त्यासाठी बैल विकायला निघाली आहे. आणि मुलगा तुम्हाला रोज विचारतो, बाबा कधी येणार?

सगळ्यात आधी त्या माउलीला आजच सांगा, बैल विकायचे नाहीत. बाकी सगळं मग.

डहाणू, तलासरी आणि उंबरगाव पट्ट्यातल्या खलाशांच्या कागदपत्रांचं काम मी बावीस वर्षं करतो आहे. या काळात कराचीत खासगी वकील लावून कोणी लवकर सुटून आल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. कारण आपला माणूस तिथे अडकतो तो खटल्यामुळे नाही. बोट धरली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोटीवरच्या सगळ्यांना कराचीच्या बंदरावर नेते आणि पोलिसांच्या ताब्यात देते. हद्द ओलांडली, बेकायदा मासेमारी केली असे गुन्हे लागतात. न्यायालयात बहुतेक जण गुन्हा कबूल करतात आणि काही महिन्यांची शिक्षा होते. ती कराचीतल्या मलीरच्या तुरुंगात भोगून संपते आणि खरा तुरुंगवास तिथून पुढे सुरू होतो. शिक्षा संपलेला माणूस वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं तिथेच बसून असतो. तो कोणत्या देशाचा, हे त्याच्या देशाने लेखी सांगितलेलं नसतं. आणि सांगितलं असलं तरी दोन्ही सरकारांनी सुटकेची तारीख ठरवलेली नसते.

जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते, शिवाय ५३ इतर भारतीय कैदी. त्याच वेळी भारताने पाकिस्तानला कळवलं की यातल्या १५९ जणांची शिक्षा भोगून झाली आहे, त्यांना सोडा. हा १५९ चा आकडा मी गावागावांतल्या बैठकांत फळ्यावर लिहितो. शिक्षा संपलेल्या माणसासाठी वकील काय करणार?

म्हणून ५०,००० रुपये द्यायचे नाहीत. परतीची वाट कराचीच्या कोर्टातून जात नाही, ती तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून जाते.

ही वाट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी धावपळ तुम्हालाच करायची आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात २१ मे २००८ रोजी कैद्यांबाबत एक करार झाला. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. पकडलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या आत त्याच्या देशाच्या वकिलातीचा अधिकारी भेटला पाहिजे. आणि नागरिकत्वाची खात्री झाली, शिक्षाही संपली, की एका महिन्यात त्याला परत पाठवलं पाहिजे. करारात हे इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. तो एक महिना पाळला गेला असता तर मला हे काम करावंच लागलं नसतं.

इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयातला अधिकारी तुरुंगात जातो, एकेकाशी बोलतो आणि फॉर्म भरून घेतो. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, घरात कोण कोण आहे, खुणा. तो फॉर्म दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात येतो, तिथून गृह मंत्रालयात, मग राज्याच्या गृह विभागात, मग पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे आणि शेवटी तुमच्या ठाण्यात. तिथला हवालदार पाड्यावर येतो, घरच्यांचे जबाब घेतो, कागद पाहतो आणि "हा इसम येथील रहिवासी असून भारतीय नागरिक आहे" असा अहवाल लिहितो. तो अहवाल याच पायऱ्या चढून परत दिल्लीला जातो. इतक्या टेबलांपैकी एकावर जरी कागद थांबला, तरी कराचीतला माणूस थांबतो.

आणि कागद का थांबतो हे मी सांगतो. आळस कमी वेळा असतो. बहुतेक वेळा घोळ नावाचा असतो.

आपला वारली माणूस आपलं नाव सांगतो ते स्वतःचं आणि बापाचं. आडनाव तो विचारल्याशिवाय सांगत नाही. तुरुंगातला लिहिणारा ऐकतो तसं लिहितो, तेही आधी उर्दूत. मग त्याचं इंग्रजी होतं आणि आपल्याकडे येऊन मराठी होतं. लखमाचा लक्ष्मण होतो, जान्याचा जानू होतो. आधार कार्डावर तिसरंच असतं, कारण शिबिरात घाईघाईत भरलेलं. गावाचंही तेच. पाटीलपाडा म्हणून सांगितलं तर आपल्या जिल्ह्यात पाटीलपाडे किती आहेत? त्यात बोट गुजरातची, मालक गुजरातचा, सोबतचे निम्मे खलाशी गुजरातचे, म्हणून राज्याच्या रकान्यातही गुजरात पडतं. माझ्याकडच्या एका प्रकरणात याच एका शब्दामुळे चौकशीचा कागद वलसाड जिल्ह्यात फिरत राहिला. तिथे त्या नावाचं गाव होतं, पण त्या नावाचा माणूस नव्हता. "मिळून आला नाही" असा शेरा बसला आणि अकरा महिने गेले. इकडे त्याची बायको पाड्यावरच होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

त्या प्रकरणानंतर मी ठरवलं की चौकशीचा कागद येण्याची वाट बघायची नाही. आपली फाईल आपणच आधी तयार करायची आणि ती वरपर्यंत पोहोचवून ठेवायची. तुम्हालाही तेच करायचं आहे.

फाईलमध्ये काय घालायचं? आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र आणि जातीचा दाखला, यांतलं जे असेल ते. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि पोलीस पाटलांचं पत्र. अलीकडचा फोटो आणि घरच्यांसोबतचा एक फोटो. अंगावरच्या खुणा लिहून घ्या: गोंदण, कापल्याची खूण, तुटलेलं बोट. आणि एक कागद तुम्ही स्वतः तयार करा. त्यात त्याची जितकी नावं आहेत तितकी सगळी लिहा, कागदावरची, घरातली, बोटीवरची. खाली वाक्य टाका की या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे. त्यावर सरपंच आणि पोलीस पाटील यांच्या सह्या घ्या आणि जमलं तर तहसीलमध्ये त्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. या एका कागदाने मी महिनेच्या महिने वाचलेले पाहिले आहेत. पत्ता लिहिताना पाडा, गाव, पोस्ट, पोलीस ठाणे, तालुका, जिल्हा आणि राज्य, यांतलं काही गाळू नका, आणि महाराष्ट्र हा शब्द ठळक लिहा.

दुसरा अर्धा भाग बोटमालकाकडचा. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, बंदरातून निघताना मत्स्यव्यवसाय खात्याकडे घेतलेल्या टोकनची प्रत आणि त्या फेरीतल्या खलाशांची यादी. त्या यादीत आपल्या माणसाचं नाव आहे ना, हे डोळ्यांनी बघा. कधी कधी ऐन वेळी एक खलाशी आजारी पडतो, दुसरा चढतो आणि कागदावर पहिल्याचंच नाव राहतं. असं झालं असेल तर मालकाकडून लेखी घ्या. मालक फोनवर गोड बोलतो, कागद द्यायला टाळाटाळ करतो. त्याला बोट गेल्याचं दुःख असतं, ते मी समजू शकतो. पाकिस्तानात आपल्या हजाराहून जास्त बोटी धरून ठेवलेल्या आहेत आणि बोट परत येणं माणसापेक्षाही कठीण. पण कागद मिळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका. त्याच बोटीवरच्या इतर खलाशांची घरं शोधा. एका बोटीवर सहा-सात जण असतात आणि सहसा एकाच पट्ट्यातले दोघं-तिघं. सगळ्यांची मिळून एक फाईल केली तर वजन पडतं.

मग या फाईलच्या प्रती करा. एक तुमच्या पोलीस ठाण्यात, एक पोलीस अधीक्षकांकडे, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक पालघरच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांकडे. एक परराष्ट्र मंत्रालयाला टपालाने, आणि त्यांच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. खासदारांचं पत्र जोडा. ते दिल्लीत उपयोगी पडतं, स्थानिक पातळीवर आमदारांचं. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. महिन्याने माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा: वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट झाली का, नागरिकत्वाच्या पडताळणीचा कागद राज्याकडे आला का, आणि राज्याने तो कोणत्या तारखेला परत पाठवला. पुढची यादी १ जानेवारी किंवा १ जुलै, जी तारीख आधी असेल तिला येईल. त्यात त्याचं नाव आलं का, हेही लेखी विचारा.

आता चिठ्ठी का नाही, ते सांगतो, कारण घरच्यांच्या मनात वाईट शंका आलेल्या असणार. पूर्वी तुरुंगातून पत्रं यायची. सोबतच्या कोणा शिकलेल्याकडून लिहून घेतलेली, तोडक्यामोडक्या गुजरातीत, हिंदीत. शेवटी मुलांची नावं एकेक करून. कधी दोन्हीकडच्या शांततेसाठी काम करणाऱ्या लोकांच्या हातून चिठ्ठ्या पोहोचायच्या. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि सगळं आटलं. पंजाबातल्या अटारी-वाघा सीमेवरची वाहतूक बंद झाली, पाकिस्तानातून येणारं टपाल मे महिन्यात थांबवलं गेलं, आणि दोन्ही देशांच्या उच्चायुक्तालयांतले लोक ५५ वरून ३० वर आणले गेले. तुरुंगात जाऊन फॉर्म भरून घेणारी माणसं यातलीच. म्हणजे चिठ्ठी न येण्याचं कारण टपाल आहे. त्या माणसाला काही झालंय असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हे त्या बाईंना नीट समजावून सांगा.

खोटा दिलासा मात्र देऊ नका. वाईटही घडतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जलपरी नावाच्या बोटीवर पाकिस्तानी यंत्रणेने गोळीबार केला आणि आपल्या पालघर तालुक्यातला मच्छीमार बोटीवरच गेला. मार्च २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या कोठडीत मृत्यू झाला आणि मृतदेह गावी पोहोचेपर्यंत एप्रिल सरला. मेलेल्या माणसालाही नागरिकत्वाच्या पडताळणीतून जावं लागतं. त्या दिवसांत मी त्या पट्ट्यात होतो. मला अजूनही त्याबद्दल शांतपणे बोलता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

सुटका कशी होते? दोन्ही सरकारं राजी झाली की एकदम गठ्ठ्याने होते. मे २०२३ मध्ये १९८ मच्छीमार आले, जूनमध्ये २००. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२. परराष्ट्र मंत्रालयाच्याच म्हणण्याप्रमाणे २०१४ पासून जुलै २०२५ पर्यंत २,६६१ भारतीय मच्छीमार पाकिस्तानातून परत आले आहेत. मालक "सगळेच सुटतात" म्हणतो ते अगदीच खोटं नाही. पण गठ्ठा निघतो तेव्हा त्यात कोण बसतं? ज्याची शिक्षा संपली आहे आणि ज्याच्या नागरिकत्वाचा कागद पोहोचला आहे, तो. बाकीचे दाराशी उभे राहून सोबत्यांना निरोप देतात. दोन भाऊ एकाच बोटीवरून गेले आणि एकटा धाकटा परत आला, असं मी पाहिलं आहे. थोरल्याच्या फॉर्मवर बापाचं नाव चुकलं होतं.

अटारी बंद आहे म्हणून आता काही उपयोग नाही, असं तुम्हाला कोणी सांगेल. ते ऐकू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी मच्छीमारांना त्याच अटारीवरून परत पाठवलं. ठरवलं की फाटक उघडतं. ते उघडेल त्या दिवशी आपल्या माणसाचा कागद तयार असला पाहिजे, इतकंच आपल्या हातात आहे.

सुटल्यावर त्यांना मलीरहून कराची कँट स्टेशनवर आणतात, रेल्वेने लाहोरला नेतात, तिथून बसने वाघ्याला. एधी फाउंडेशन या पाकिस्तानातल्या सेवाभावी संस्थेची माणसं सोबत असतात. प्रवासाचा खर्च तेच उचलतात, हातात थोडे पैसे आणि घरच्यांसाठी भेटवस्तू देतात. परत आलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने मला हे सांगितलं आहे आणि सांगताना त्यांचे डोळे भरलेले असतात. वाघ्याला तात्पुरत्या प्रवासपत्रावर ते सीमा ओलांडतात. अमृतसरला वैद्यकीय तपासणी होते आणि मग गुजरातच्या मत्स्यव्यवसाय खात्याची माणसं त्यांना रेल्वेने वडोदऱ्याला आणि पुढे वेरावळला नेतात. आपल्या खलाशांनाही बहुतेक वेळा त्यांच्यासोबतच जावं लागतं. तिथे चौकशी होते, तिला घाबरायचं कारण नाही, ती सगळ्यांचीच होते. घरच्या कोणीतरी ओळखपत्र घेऊन वेरावळला हजर राहायचं. भाड्याची सोय आधीच करून ठेवा.

घर चालवण्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण मला माहीत आहे की खरा प्रश्न तो आहे. तुरुंगात असलेल्या मच्छीमाराच्या कुटुंबाला गुजरात सरकार दिवसाला ३०० रुपये देतं. महाराष्ट्रानेही तेवढ्याच रकमेचा निर्णय काढलेला आहे. त्याचा अर्ज मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याच फाईलसोबत करा. बोट गुजरातची म्हणून "तिकडे जा" असं कोणी म्हणालं, तर तसं लेखी द्या म्हणून सांगा. बहुतेक वेळा मग उत्तर बदलतं. रेशन कार्डातून त्याचं नाव कमी होऊ देऊ नका.

आणि उचल. भात लावून झालं की मालकाचा माणूस पाड्यावर येतो आणि हंगामाची उचल देऊन जातो. घरात तेव्हा दाणा नसतो. त्या पैशाच्या भरवशावर माणूस नऊ महिने दर्यावर जातो. आपल्या किनाऱ्याला मासळी राहिली नाही म्हणून बोटी दूर दूर जातात. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक या खाडीचा वाद सुटलेला नाही म्हणून पाण्यात हद्द कुठे आहे यावर दोन्ही सरकारांचंच एकमत नाही. आणि त्या नसलेल्या रेषेची शिक्षा जाळं ओढणाऱ्याला होते. खलाशी बोट हाकत नाही, ती तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, हाकतो. दोन्ही देशांनी मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यात, कलम ७३ मध्ये, आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे मासेमारीचा हक्क एका देशाचा असलेल्या समुद्रातल्या, मासेमारीच्या गुन्ह्यासाठी, देशांनी आपसात तसं ठरवलं नसेल तर, कैद करू नये असं म्हटलं आहे. निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती २००७ मध्ये नेमली होती. ते दोन्हीकडचे तुरुंग फिरायचे, आजारी आणि शिक्षा संपलेल्या कैद्यांची नावं काढायचे. तिची शेवटची बैठक २०१३ च्या ऑक्टोबरात झाली. ती पुन्हा बसावी म्हणून मी मिळेल त्या खासदाराला सांगतो. तुम्हीही पत्रात दोन ओळी त्यासाठी घाला.

तर उचलीबद्दल. माणूस परत आला की काही मालक हिशोब काढतात, हंगाम पुरा झाला नाही, उचल फिटली नाही, पुन्हा बोटीवर चला. त्याला जाऊ देऊ नका आणि कुठल्याही कागदावर अंगठा देऊ देऊ नका. कर्जापोटी राबवून घेणं हा १९७६ च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे, एवढं मालकाला सांगितलं तरी बहुतेक वेळा पुरतं. आल्या आल्या त्याला ग्रामीण रुग्णालयात न्या, थुंकीची तपासणी करून घ्या. दाटीवाटीच्या बराकीतून क्षय घेऊन आलेले मी पाहिले आहेत. झोप लागत नसेल, बोलत नसेल, तर त्याला आठवडाभरात शेतावर ढकलू नका. त्याला वेळ लागतो.

राहिला मुलाचा प्रश्न. घरातले त्याला सांगत असतील की महालक्ष्मीच्या जत्रेला येतील, होळीला येतील. सण येतो आणि जातो, माणूस येत नाही आणि मग मूल कोणावरच विश्वास ठेवत नाही. त्याला खरं सांगा. बाबा कराचीत तुरुंगात आहेत, त्यांनी चोरी केलेली नाही, त्यांच्यासोबत आपल्या भागातली माणसं आहेत, तारीख कोणालाच माहीत नाही, आणि आपण त्यांच्यासाठी कागद पाठवतो आहोत.

तुम्ही लिहिलंय की त्याचे वडील तुमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले. मग शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख असेल. आधार कार्ड निघण्याच्या किती तरी आधीची नोंद. पडताळणीत त्याहून भक्कम पुरावा मी पाहिलेला नाही. तो तुमच्याच कपाटात आहे. उद्या उतारा काढाल तेव्हा मुलाला शेजारी बसवा आणि ती ओळ त्याला वाचायला सांगा.